वर्गात कांजण्या पसरायल्यात, घरी ठेवा म्हणलं तर लेकराला घरी खाऊ कोण घालणार?

दोन_शिक्षकी_गुरुजी
नमस्कार मंडळी. पोस्ट मोठी झालीय, तरी वाचा. मी बीड जिल्ह्यात एका जि.प. शाळेवर आहे, पहिली ते चौथी, पट ४३, शिक्षक दोन, मी आणि एक मॅडम. खोल्या तीन आहेत पण एकीचं छत गळतं म्हणून दोनच वापरतो, पहिली-दुसरी एका खोलीत आणि तिसरी-चौथी दुसरीत.

झालं असं की फेब्रुवारीच्या शेवटी दुसरीतलं एक पोरगं अंगावर पुटकुळ्या घेऊन आलं. मला वाटलं काहीतरी चावलं असेल, आजी म्हणली उष्णता झाली. दोन दिवस ते वर्गात तसंच बसलं, तिसऱ्या दिवशी तोंडावर पाण्याचे फोड दिसले तेव्हा माझी ट्यूब पेटली. घरी पाठवलं. मग पंधरा दिवस काहीच नाही, मी म्हणलं सुटलो बुवा. अन् या सोमवारी एकदम चार, बुधवारी दोन, आज शुक्रवारी अजून एक. सात झाले. सगळे त्याच खोलीतले, एकटी त्याची बहीण तेवढी तिसरीतली.

आता खरी अडचण सांगतो. गावातली निम्मी घरं दिवाळीनंतर कोयत्यावर, म्हणजे ऊसतोडीला, गेलेली आहेत, कारखाने बंद झाल्याशिवाय माणसं परत येत नाहीत. लेकरं आजी-आजोबाजवळ. आमच्याकडं हंगामी वसतिगृह शाळेतच चालतं, म्हणजे पोरं झोपायला घरी पण सकाळ-संध्याकाळचं जेवण शाळेत आणि दुपारची खिचडी पण शाळेतच. मी एका आजीला म्हणलं की याला आठ दिवस पाठवू नका, तर ती म्हणली गुरुजी, मला चुलीपुढं बसवत नाही, डोळ्याला दिसत नाही, हा शाळेत आला नाही तर खाईल काय. मला उत्तर देता आलं नाही. लेकरू दुसऱ्या दिवशी आलंच, फुल बाहीचा शर्ट घालून.

शिवाय आमच्या मॅडम पाच महिन्यांच्या गरोदर आहेत आणि पहिली-दुसरी त्यांच्याकडंच आहे. त्यांना कोणीतरी सांगितलंय की कांजण्यांनी बाळाला त्रास होतो, त्या भेदरल्यात.

विचारायचं एवढंच की किती दिवस घरी ठेवायचं, शाळा बंद करायला सांगावी का, आणि मी सगळे ग्लास वेगळे केलेत अन् पाण्याची टाकी दोनदा धुतली तर अजून काय करायला पाहिजे. वार्षिक परीक्षा तोंडावर आलीय.


उपकेंद्रातली_सिस्टर
गुरुजी, आधी मॅडमचं बघा, बाकीचं मागून. त्यांना लहानपणी कांजण्या झाल्या होत्या का ते त्यांच्या आईला फोन करून विचारा, आयांना बरोबर आठवतं. झालेल्या असतील तर बहुतेक करून पुन्हा होत नाहीत, काळजी नको. झालेल्या नसतील किंवा नक्की माहीत नसेल तर उद्याच्या उद्या त्यांच्या बाईडॉक्टरला दाखवा आणि स्पष्ट सांगा की वर्गात सात केस आहेत. रक्ताची तपासणी असते, त्यातून कळतं अंगात प्रतिकारशक्ती आहे का. नसेल तर एक इंजेक्शन असतं, ते संपर्क आल्यावर जितक्या लवकर तितकं चांगलं, त्यामुळं रविवार जाऊ द्या, सोमवारी बघू असं करू नका. गरोदर बाईला कांजण्या झाल्या तर तिला स्वतःला न्यूमोनिया होऊ शकतो, आणि पहिल्या पाच महिन्यांत झाल्या तर बाळाला थोडा का होईना धोका असतो. तोपर्यंत खोल्यांची अदलाबदल करा, पहिली-दुसरी तुम्ही घ्या.

आता दिवस. पुरळ उठायच्या एक-दोन दिवस आधीपासूनच लेकरू दुसऱ्याला देत असतं, म्हणून तुम्ही कितीही लवकर पकडलं तरी थोडा उशीर झालेलाच असतो, त्यात तुमची चूक नाही. घरी ठेवायचं ते सगळ्या फोडांवर खपली धरेपर्यंत, साधारण पाच ते सात दिवस. कॅलेंडर बघून आठ दिवस मोजू नका, अंग बघा. एक जरी पाण्याचा फोड असला तरी नाही. खपल्या गळून डाग राहिले असतील तर खुशाल येऊ द्या, डागातून काही पसरत नाही. लोक उलटं करतात, फोड असताना पाठवतात अन् डाग असले की पंधरा दिवस घरी ठेवतात.

ग्लास वेगळे केलेत ते ठीक आहे, टाकी धुतली तेही चांगलंच, पण कांजण्या टाकीतून येत नाहीत. हवेतून येतात आणि फोडातल्या पाण्यातून येतात. म्हणून खिडक्या उघडा. तुमच्या खोलीच्या खिडक्या उन्हाची तिरीप येते म्हणून बंद असतील बघा, आमच्याकडच्या सगळ्या शाळांत मार्चपासून हेच असतं. सकाळची शाळा सुरू झाली असेल तर पोरांना लिंबाखाली बसवा सरळ.

तुम्ही पंधरा दिवसांनी एकदम चार निघाले म्हणलात ना, ते अगदी हिशोबात आहे. संसर्ग झाल्यापासून पुरळ उठेपर्यंत १० ते २१ दिवस लागतात, बहुतेकांना दोन आठवड्यांच्या आसपास. म्हणजे ही दुसरी फेरी आहे. या सातांना आता नीट घरी ठेवलं नाही तर तिसरी फेरी बरोबर परीक्षेत येईल.

आणि एक, आशाताईला अन् पीएचसीला, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्राला, कळवलंय का? नसेल तर कळवा. हे कांजण्याच आहेत, गोवर नाही, हे कोणीतरी बघून ठरवलं पाहिजे. गोवरात आधी तीन-चार दिवस चांगला ताप, खोकला, नाक वाहणं, डोळे लाल, मग कानामागून अन् तोंडावरून लाल पुरळ खाली उतरतं, त्यात पाणी नसतं. कांजण्यात फोड टप्प्याटप्प्याने येतात, एकाच वेळी अंगावर नवी पुळी, पाण्याचा फोड अन् खपली तिन्ही दिसतात आणि खाज लई असते. गोवर असेल तर गोष्ट वेगळी, आम्हाला रक्ताचे नमुने पाठवावे लागतात, अ जीवनसत्त्वाचे डोस द्यावे लागतात, आजूबाजूच्या घरांतली लसीकरणाची कार्डं तपासावी लागतात.


औंढ्याचा_दादा
एवढं टेन्शन घ्यायचं काम नाही गुरुजी. आमच्या लहानपणी एका भावाला झाल्या की आई बाकीच्यांना मुद्दाम त्याच्याच वाकळीत झोपवायची, एकदाचं होऊन जाऊ दे म्हणून. सगळ्यांना होऊन गेलं, आज सगळे ठणठणीत आहेत. आता जरा पुळी उठली की दवाखाना. लहानपणी झालेलं बरं, मोठेपणी झालं तर जास्त त्रास होतो हे तर डॉक्टर लोक पण म्हणतात.


उपकेंद्रातली_सिस्टर
दादा, मोठेपणी जास्त त्रास होतो हे खरंय तुमचं. पण मुद्दाम लावून घ्यायचं म्हणजे कोणाला जड जाईल ते आधी कळत नाही. बहुतेक लेकरं आठ दिवसांत खेळायला लागतात, पण फोड खाजवून खाजवून पिकतात, एखाद्याच्या छातीत जातं, एखाद्याच्या मेंदूला सूज येते. तुमच्या वाकळीत सगळे ठणठणीत निघाले ते नशीब. आणि इथं वाकळीत एकटी भावंडं नाहीयेत, गरोदर मॅडम आहेत, घरोघरी म्हाताऱ्या आहेत, कोणी कॅन्सरची किंवा स्टेरॉइडची औषधं घेत असेल. पोरगं घरी जाऊन कोणाला देईल ते पोराला थोडंच कळतंय.

अजून एक सगळ्यांसाठीच. ताप आला तर पॅरासिटामॉल, वजनाप्रमाणे, बस. किराणा दुकानातल्या डोकेदुखीच्या गोळ्या देऊ नका, त्यातल्या काहींत ॲस्पिरिन असतं आणि कांजण्यात लेकराला ॲस्पिरिन दिलं तर यकृत अन् मेंदूवर जाऊ शकतं, जिवावरचं आहे ते. नखं कापा. आंघोळ घाला, साध्या पाण्याने, चोळू नका, टिपून घ्या. खाजेला कॅलामाइन लोशन लावा. ताप चार दिवसांच्या वर राहिला, दम लागला, सारखी उलटी, लेकरू सुस्त पडलं, मान आखडली किंवा फोडाभोवती लाल गरम सूज आली तर थांबू नका, १०८ ला फोन.


निलंगेकर_पालक
सिस्टर म्हणतात ते सगळं बरोबर, पण शाळावाल्यांनी आधी एक गोष्ट कबूल करावी की आजारी लेकराला शाळेत बोलावणारी शाळाच असते. राग मानू नका गुरुजी, तुमच्याबद्दल नाही. माझी मुलगी तिसरीत, तिच्या शाळेत ज्याची वर्षभर १०० टक्के हजेरी त्याला गॅदरिंगमध्ये स्टेजवर बोलावून कंपासपेटी. ही बया जानेवारीत गालफुगी झालेली असताना स्कार्फ बांधून शाळेत गेली, आम्ही दोघं सकाळीच कामाला गेल्तो, आम्हाला वाटलं घरी झोपलीय. दोन्ही गाल फुगलेले, घास गिळता येईना तरी गेली. आठ दिवस जाऊ द्यायचं नाही म्हणलं तर रडून गोंधळ, पप्पा माझी कंपासपेटी जाईल. मग तिच्या वर्गातले किती जण फेब्रुवारीत गाल धरून बसले ते विचारू नका.

बरं गालफुगीची लस सरकारी दवाखान्यात देत नाहीत हे मला तेव्हाच कळलं. मला वाटायचं एमआर म्हणजे सगळंच आलं त्यात.

फळ्यावर रोज पट आणि उपस्थिती लिहायची, ऑनलाइन भरायची, केंद्रप्रमुख आले की पहिला प्रश्न हजेरी किती. मग गुरुजी तरी कशाला पोराला परत पाठवतील. आणि कंपासपेटी काय चाळीस-पन्नास रुपयांची येते, सगळ्यांनाच द्या ना.


उपकेंद्रातली_सिस्टर
बरोबर, एमआर म्हणजे मीझल्स-रुबेला, गोवर आणि रुबेला एवढंच. गालफुगी आणि कांजण्या दोन्हीची लस सरकारी वेळापत्रकात नाही, खाजगीत मिळते आणि महाग पडते. गालफुगीला सूज आल्यापासून पाच दिवस घरी, तुम्ही आठ दिवस ठेवत होता ते जास्तच चांगलं. आणि कंपासपेटीचं मी आमच्या पीएचसीच्या मीटिंगमध्ये सांगणार आहे 😄


निवृत्त_हेडमास्तर_परंडा
दोन शिक्षकी गुरुजी, तुमच्या त्या आजीचा प्रश्न वाचला आणि राहवलं नाही म्हणून टाइप करायलोय, एका बोटाने करतो, चुका समजून घ्या. ३४ वर्षं नोकरी केली, त्यातली निम्मी तुमच्यासारख्याच ऊसतोडीच्या गावात.

तुम्ही आजीला "शाळेत पाठवू नका" म्हणालात. तिथंच गाडी अडते. ते लेकरू शाळेत शिकायला येतंय ते खरं, पण त्याच्या आधी ते जेवायला येतंय. तुम्ही शाळा तोडली म्हणजे त्याचं ताट तोडलं. आजी कितीही समजूतदार असली तरी ती उपाशी ठेवणार नाही, ती फुल बाहीचा शर्टच घालणार. म्हणून आधी ताट घरी पोचवायची सोय करा आणि मग सांगा की पाठवू नका. आमच्याकडं एका वर्षी असंच झालं होतं, मी शाळा व्यवस्थापन समितीची बैठक लावली, सात-आठ पालक आले, बाकीचे कोयत्यावर. ठराव केला की आजारी मुलाचं जेवण डब्यात घरी जाईल. स्वयंपाकीण बाई म्हणाली मी तिकडूनच जाते, देईन. दोन घरं तिच्या वाटेवर नव्हती, तिथं चौथीतली मोठी पोरं, ज्यांना कांजण्या होऊन गेल्या होत्या ती, उंबऱ्यावर डबा ठेवून हाक मारून यायची. डबा घरचाच, परत शाळेत आणायचा नाही. रजिस्टरला काय लिहायचं यावर केंद्रप्रमुखांशी आधीच बोलून घ्या, तोंडी नको, नाहीतर पुढं ऑडिटला तुम्हीच अडकाल. कोरोनात शाळा बंद होत्या तेव्हा तांदूळ-डाळ घरी वाटलीच होती की आपण, त्यामुळं ऐकून घेतात.

दुसरं. तुमच्याकडं कांजण्यांना काय म्हणतात माहीत नाही, आमच्याकडं म्हाताऱ्या अजून "माय आली" म्हणतात. घरात फोडणी द्यायची नाही, उशाला लिंबाचा पाला, परक्या माणसाने घरात यायचं नाही, लेकराने उंबरा ओलांडायचा नाही. नवीन असताना मी याच्यावर भाषणं द्यायचो, अंधश्रद्धा म्हणून. पोरंसोरं हसायची आणि म्हाताऱ्या माझ्याशी बोलणं बंद करायच्या. मग एकदा एका आजीने मला दारातच थांबवलं, म्हणली मास्तर आत येऊ नका, माय आलीय, तुमच्या पायाने दुसऱ्या घरी जाईल. मी उभाच राहिलो. अहो ती बाई मला विलगीकरणच समजावून सांगत होती की! उंबरा ओलांडायचा नाही, परक्याने यायचं नाही, यात कोणत्या डॉक्टरने काय खोट काढावी. तेव्हापासून मी म्हाताऱ्यांना म्हणायचो, आजी, मायचा नेम पाळा, खपली पडेपर्यंत लेकरू घराबाहेर काढू नका, शाळेत पण नाही, शाळा म्हणजे परकं घरच. लगेच पटायचं. फक्त दोन गोष्टींत मी त्यांचं ऐकलं नाही. ताप असला तर दवाखान्यात न्यायचंच, आणि आंघोळ बंद करायची नाही.

माझ्या दंडावर देवी काढल्याची खूण आहे, माझ्या वयाच्या सगळ्यांच्या आहे. देवीचा शेवटचा रोगी भारतात १९७५ मध्ये सापडला, त्यानंतर नाही. तेव्हा घरोघर फिरणाऱ्यांनाही गावोगाव म्हाताऱ्यांशी असंच बोलावं लागलं असणार.


परभणीकर_८८
विषय थोडा बदलतोय पण शाळेतल्या साथीचं चाललंय म्हणून विचारतो. आमच्या गावात गेल्या पावसाळ्यात काविळीची साथ आली, शाळेतलीच अकरा लेकरं. शाळेची काळी टाकी, झाकण वाऱ्याने उडालेलं, आत शेवाळ अन् एक मेलेली पाल. टाकीत बोअरचं पाणी येतं आणि बोअरपासून संडासाचा खड्डा किती लांब असेल, वीस पावलं. तक्रार केली तर म्हणे ग्रामपंचायतीचं काम, ग्रामपंचायत म्हणते शाळेचं. शेवटी आम्ही चार पालकांनीच टाकी उपसली. टीसीएल पावडर, म्हणजे ब्लीचिंग पावडर, किती टाकायची ते कोणालाच माहीत नाही, एकाने ओंजळभर टाकली, दोन दिवस पोरं पाणी पिईनात, इतका वास. बरोबर प्रमाण काय आहे?


उपकेंद्रातली_सिस्टर
हजार लिटरला साधारण ५ ग्रॅम, पावडर ताजी असेल तर. एका बादलीत पाणी घेऊन त्यात पावडर कालवायची, चुना खाली बसू द्यायचा, वरची निवळी टाकीत ओतायची, गाळ फेकायचा. ओंजळभर पावडर, तीही थेट टाकीत टाकली, म्हणून तुमच्याकडं वास आला. मग अर्धा ते एक तास थांबायचं आणि ओटी टेस्ट करायची, परीक्षानळीत पाणी घेऊन त्यात ओटीचे थेंब, पिवळं झालं तर क्लोरीन आहे, पांढरंच राहिलं तर नाही. ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाकडे किट असतं, त्याला शाळेतच बोलवा आणि पोरांसमोर करून दाखवायला लावा, पोरांना रंग बदललेला लई आवडतो अन् मग तीच रोज विचारतात आज पिवळं झालं का. पोतं उघडं राहिलं, ओल लागली की पावडरीतला क्लोरीन उडून जातो, मग ओंजळभर टाका नाहीतर घमेलंभर, उपयोग शून्य.

आणि काविळीचं कांजण्यासारखंच आहे, डोळे पिवळे व्हायच्या दोन आठवडे आधीपासून विषाणू संडासावाटे बाहेर पडत असतो. म्हणून अकरा दिसली तेव्हा टाकी धुणं म्हणजे उशीरच. पावसाळ्याच्या आधी धुवा, जूनमध्ये शाळा उघडायच्या आदल्या आठवड्यात. संडासाचा खड्डा अन् बोअरचं अंतर ग्रामसेवकाला लेखी द्या, आरोग्य विभाग गावातल्या पाण्याच्या सोयी तपासून लाल, पिवळं, हिरवं कार्ड देतो, तुमच्या गावाला कोणतं मिळालं ते ग्रामसभेत विचारा. लाल असेल तर लपवून ठेवलेलं असतं बहुतेक.


निलंगेकर_पालक
पाणी असेल तर धुणार ना हात. आमच्याकडं २०१६ ला मिरजेहून रेल्वेने पाणी आणलं होतं लातूरला, तो उन्हाळा आठवला की अजून अंगावर काटा येतो. घरात प्यायला घागर नाही अन् शाळेच्या भिंतीवर रंगवलेलं, जेवणाआधी हात धुवा. मार्च-एप्रिलमध्ये टँकर आठवड्यातून दोनदा, तेव्हा साबणाचं काय सांगायलात.


निवृत्त_हेडमास्तर_परंडा
पालक साहेब, त्याला एक जुगाड आहे, माझ्या शाळेत चाललेलं. पाच लिटरचा तेलाचा कॅन, तोंडाजवळ खिळ्याने एक छिद्र, दोन लाकडांवर आडवा टांगायचा, झाकणाला सुतळी बांधून खाली एक काठी. काठीवर पाय दिला की कॅन वाकतो अन् बारीक धार येते. हाताने कशालाच शिवायचं नाही. नळाखाली एक पोरगं जेवढं पाणी सांडतं तेवढ्यात आमची दहा-बारा पोरं हात धुवायची. साबण जुन्या पायमोज्यात घालून बाजूला टांगला, नाहीतर साबण पहिल्याच दिवशी घरी जातो. खालचं पाणी लिंबाच्या झाडाला. सॅनिटायझरच्या बाटल्या कोरोनात आल्या होत्या, पण मातीत खेळून आलेल्या काळ्या हाताला तो लावून काही होत नाही, चिखल तसाच राहतो.


दोन_शिक्षकी_गुरुजी
सगळ्यांचे आभार, उशिरा लिहायलोय, मधल्या काळात फोनकडं बघायला वेळ नव्हता. आज जवळजवळ चार आठवडे झाले, काय झालं ते सांगतो.

मॅडमच्या आईला त्याच रात्री फोन केला. त्या म्हणाल्या अगं तू चौथीत असताना तुला अन् तुझ्या भावाला एकदमच झाल्या होत्या, तुझ्या कपाळावरचा डाग त्याचाच. आम्ही इतकी वर्षं तो पडल्याचा डाग समजत होतो. तरी डॉक्टरला दाखवलं, तपासणी केली, प्रतिकारशक्ती आहे म्हणून रिपोर्ट आला. त्या दिवशी मॅडमनी स्टाफला पेढे दिले, स्टाफ म्हणजे मी अन् स्वयंपाकीण बाई.

पीएचसीचे डॉक्टर येऊन बघून गेले, कांजण्याच आहेत म्हणाले. शाळा बंद करू नका, बंद केली तर हीच पोरं दिवसभर पारावर एकत्र खेळतील अन् वर जेवण पण जाईल, असं तेच म्हणाले. हेडमास्तर सर, तुमचा डब्याचा उपाय केला. केंद्रप्रमुख आधी नाही म्हणले, मग मी ठरावाची प्रत आणि डॉक्टरांची चिठ्ठी दोन्ही पुढं ठेवली तेव्हा म्हणले करा, पण रोज सही घ्या. ज्या आजीचं सांगितलं होतं तिला मी "मायचा नेम" म्हणालो. ती माझ्याकडं बघत राहिली, म्हणली गुरुजी तुम्हाला हे कोणी शिकवलं. लेकरू आठ दिवस उंबऱ्याच्या आत राहिलं. डबा पोचला की आजी आधी स्वतः झाकण उघडून बघायची, भाजी कोणती आहे ते 😀

सुरुवात कुठून झाली ते पण कळलं बहुतेक. पहिल्या पोराच्या आजोबाला जानेवारीच्या शेवटी कमरेला नागीण उठली होती. ती विळखा पूर्ण करते म्हणून गेरू लावून घ्यायला शेजारच्या गावी जात होते, आणि हे पोरगं रात्री त्यांच्याच अंथरुणात. डॉक्टर म्हणाले नागीण आणि कांजण्या एकाच विषाणूच्या आहेत, लहानपणी झालेल्या कांजण्यांचा विषाणू अंगात झोपून राहतो आणि म्हातारपणी नागीण होऊन उठतो, त्या फोडातलं पाणी लागलं तर लेकराला कांजण्या होऊ शकतात. हे मला माझ्या ४१ व्या वर्षी कळलं.

मी एक साधी वही केली, नाव, पुरळ उठल्याची तारीख, शेवटची खपली धरल्याची तारीख. तिसऱ्या फेरीत तीन निघाले, सिस्टर म्हणाल्या तसं बरोबर परीक्षेच्या आठवड्यात. पण तीनच. त्यांची परीक्षा नंतर घेतली. खिडक्यांना स्वयंपाकीण बाईने जुन्या साड्या बांधल्या, ऊन येत नाही अन् वारा येतो. कंपासपेटीसारखं आमच्याकडं काही नव्हतं, पण व्हरांड्यात "शंभर टक्के उपस्थिती, आमचा अभिमान" असा बोर्ड होता, मीच रंगवून घेतलेला. तो सध्या उलटा करून ठेवलाय, मागच्या बाजूवर काय लिहायचं ते सुचलं तर सांगा.

आता नवा प्रश्न. कारखाने बंद झाले, टोळ्या परत यायल्यात. गेल्या चार दिवसांत अकरा कुटुंबं आली, सोबत कोप्यांवर, म्हणजे तोडीच्या ठिकाणच्या झोपड्यांत, राहिलेली छोटी छोटी लेकरं. यातल्या दोन-तीन वर्षांच्या काही जणांना एमआरचा एकही डोस मिळालेला नाही असं आशाताई म्हणतात. कार्डं कोणाजवळ आहेत, कोणाची तिकडंच राहिली, एकाचं पावसात भिजून गेलं. ही लेकरं उद्या शाळेच्या अंगणातच खेळणार. सिस्टर, यांचं वय निघून गेलं का आता?


उपकेंद्रातली_सिस्टर
नाही गेलं. वेळेवर म्हणजे ९ ते १२ महिन्यांत पहिला आणि १६ ते २४ महिन्यांत दुसरा, पण राहून गेला असेल तर पाच वर्षं पूर्ण होईपर्यंत सरकारी दवाखान्यात दोन्ही डोस देता येतात, मध्ये कमीत कमी एक महिना ठेवून. म्हणून पहिला डोस लगेच द्या, म्हणजे दुसरा पण याच उन्हाळ्यात गावातच होऊन जाईल, दिवाळीला पुन्हा टोळी गेली की सापडत नाहीत. कार्ड नसलं तरी लस थांबवायची नसते, नवीन कार्ड करतो आम्ही. गोवर म्हणजे कांजण्या नाही गुरुजी, एक लेकरू लस नसलेल्या बारा ते अठरा जणांना देतं.

आशाताईला सांगा अकराही घरांची यादी करायला, आणि टोळीच्या मुकादमाला फोन करा, अजून कोण कोण परत यायचं राहिलंय ते त्याच्याइतकं कोणालाच माहीत नसतं. तुमच्या गावच्या सिस्टरला सांगून लसीकरणाचं सत्र शाळेतच लावा, सकाळी लवकर, आठच्या आत, कारण बाया त्यानंतर घरात सापडत नाहीत.


निवृत्त_हेडमास्तर_परंडा
बोर्डाच्या मागच्या बाजूवर त्या वहीतल्यासारखे तीन रकाने आखा. नाव, घरी बसल्याची तारीख, परत आल्याची तारीख. आणि परत आलेल्याच्या नावापुढं पोरांना चांदणी काढू द्या.


दोन_शिक्षकी_गुरुजी
चालेल सर. मुकादमाला फोन लावलाय, उचलला की सांगतो. सत्र बुधवारी ठरतंय.